आर्ट गॅलरीत जायचं कसं? काळा घोडा ते कुलाबा, एक दुपार



आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, फौजी माणसाचा आणि चित्रांचा संबंध काय? संबंध साधा आहे. निवृत्तीनंतर हाताशी वेळ आहे, चालायची सवय आहे आणि मुंबईच्या दक्षिण टोकाला एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर अशा बऱ्याच जागा आहेत, जिथे आज हयात असलेले, आज काम करणारे चित्रकार काय करताहेत ते बिनतिकीट बघायला मिळतं. गेली काही वर्षं मी तिथे नियमित जातो. माझं शिक्षण कलेतलं नाही. त्यामुळे जे सांगेन ते बघणाऱ्याच्या बाजूने सांगेन.

तुमच्यापैकी बरेच जण इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, दिल्ली अशा ठिकाणांहून ही मालिका ऐकता. लग्नकार्यासाठी, व्हिसाच्या कामासाठी किंवा मुलांकडे म्हणून मुंबईला येता आणि मध्ये एखादी दुपार मोकळी मिळते. मग गेटवे होतं, म्युझियम होतं, फार तर जहांगीर आर्ट गॅलरीत एक चक्कर होते आणि गाडी परत फिरते. जहांगीरच्या पुढे कुलाब्याकडे साधारण एक-दीड किलोमीटरचा जो पट्टा आहे, तिकडे आपली पावलं वळत नाहीत. आज त्या पट्ट्याबद्दल बोलू.

आधी कारण

वेळ का काढायचा, हे आधी सांगतो. पुस्तक छापलं की त्याच्या प्रती राहतात. सिनेमा पुन्हा लागतो, गाणं पुन्हा ऐकता येतं. चित्र एकच असतं. ते चित्रकाराच्या स्टुडिओतून निघतं, गॅलरीच्या भिंतीवर चार ते आठ आठवडे लागतं, विकलं जातं आणि कुणाच्या तरी दिवाणखान्यात, कंपनीच्या कचेरीत किंवा गोदामातल्या पेटीत जातं. पुढे कधी ते संग्रहालयात आलं तर आपलं नशीब. बहुतेक चित्रांच्या बाबतीत, ते चार-आठ आठवडे हीच तुमच्या-माझ्यासारख्याला ते बघण्याची मुदत असते.

याचं एक मोठं उदाहरण अलीकडचंच आहे. मकबूल फिदा हुसेन मूळचे पंढरपूरचे. त्यांनी १९५४ साली जवळजवळ चौदा फूट लांबीचं एक चित्र केलं. ते ‘ग्राम यात्रा’ या नावाने ओळखलं जातं. एकाच कॅनव्हासवर खेड्यातल्या आयुष्याची तेरा दृश्यं. त्याच साली ते एका परदेशी डॉक्टरांनी घेतलं. हे डॉक्टर जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी दिल्लीत होते. चित्र त्यांच्याबरोबर नॉर्वेला गेलं आणि पुढे ऑस्लोच्या एका रुग्णालयाला देणगी म्हणून मिळालं. तिथे ते अनेक दशकं भिंतीवर होतं. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते साधारण ११८ कोटी रुपयांना विकलं गेलं, तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत त्याचा फोटो आला. सगळ्यांनी किमतीची चर्चा केली. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. भारतीय खेड्याचं इतकं मोठं चित्र सत्तर वर्षं भारतातल्या माणसाच्या नजरेला पडलं नव्हतं. १९५४ साली ज्यांनी ते पाहिलं असेल त्यांनीच पाहिलं.

आज गॅलऱ्यांच्या भिंतींवर जे लागलं आहे त्यातलं सत्तर वर्षांनी काय टिकेल ते कुणालाच सांगता येणार नाही. पण आज ते समोर आहे आणि बघायला पैसे पडत नाहीत.

हा भाग असा का झाला

काळा घोडा हे नाव एका पुतळ्यावरून आलं. प्रिन्स ऑफ वेल्स असतानाचा सातवा एडवर्ड काळ्या घोड्यावर बसलेला होता. १९६५ साली तो पुतळा तिथून हलवला आणि राणीच्या बागेत ठेवला. नाव मात्र राहिलं. २०१७ साली त्या चौकात पुन्हा एक काळा घोडा बसवला, यावेळी स्वाराशिवाय.

याच चौकाला लागून असलेल्या रॅम्पार्ट रोवर, म्हणजे आताच्या के. दुभाष मार्गावर, बॉम्बे आर्ट सोसायटीचा छोटा हॉल होता. तिथे १९४९ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचं प्रदर्शन भरलं. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे असे हे सहा जण. त्यांची गावं बघा. सूझा गोव्याच्या साळगावचे, हुसेन पंढरपूरचे, गाडे विदर्भातल्या तळेगावचे. रझा मध्य प्रदेशातल्या मंडला भागातले आणि शिकायला नागपूरला आलेले. त्यांच्यानंतर ग्रुपशी जोडले गेलेले वासुदेव गायतोंडे यांचा जन्म नागपूरचा आणि घराणं गोव्याचं. म्हणजे ज्या मंडळींमुळे आधुनिक भारतीय चित्रकला जगाला माहीत झाली, त्यातली अर्धी आपल्याच गावांतून निघून या रस्त्यावर आली होती.

१९५२ साली सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून जहांगीर आर्ट गॅलरी उभी राहिली. तिच्याच पहिल्या मजल्यावर १९६३ साली केकू आणि खोरशेद गांधी या दांपत्याने केमोल्ड गॅलरी काढली. केकू गांधींचा मूळ धंदा चित्रांच्या चौकटी बनवण्याचा. चौकटी करून घ्यायला चित्रकार येत, त्यांची चित्रं दुकानात लागत, त्यातून गॅलरी झाली. २००७ साली ती फोर्टमध्ये प्रेस्कॉट रोडवर गेली. दोन हजार सालानंतर कुलाब्यात एकामागोमाग एक गॅलऱ्या निघाल्या. कारण साधं होतं. जुन्या इमारतींत उंच छताच्या मोठ्या खोल्या होत्या, आणि विकत घेणारा वर्गही याच भागात राहणारा किंवा ताजमध्ये उतरणारा.

तीन प्रकारच्या जागा

बाहेरून सगळ्याच ‘आर्ट गॅलऱ्या’ वाटतात, पण त्यांचं चालणं वेगवेगळं आहे. हे समजलं की आत गेल्यावर गोंधळ होत नाही.

पहिला प्रकार सरकारी संग्रहालयाचा. रीगल सिनेमाजवळच्या चौकात कावसजी जहांगीर हॉलच्या इमारतीत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. इमारत १९११ सालची, संग्रहालय १९९६ पासून. तिकीट नाममात्र आहे. इथे काही विकलं जात नाही. इथे एखाद्या चित्रकाराच्या आयुष्यभराच्या कामाचं सिंहावलोकन मांडलं जातं. सोमवारी बंद असतं.

दुसरा प्रकार जहांगीरचा. इथले हॉल चित्रकार स्वतः भाड्याने घेतात आणि प्रदर्शन एक आठवडा असतं. अर्ज करून पाळी यायला काही वर्षं लागतात. एकाच दिवशी शेजारच्या दोन हॉलमध्ये जमीन-अस्मानाचा फरक दिसू शकतो. पण इथला मोठा फायदा हा की चित्रकार बहुधा तिथेच खुर्ची टाकून बसलेला असतो. सांगली, नांदेड, धारवाड, रायपूर कुठूनही आलेला असतो. त्याच्याशी सरळ बोलता येतं.

तिसरा प्रकार खाजगी गॅलरीचा. कुलाब्यातल्या बहुतेक या प्रकारच्या. इथे गॅलरी चित्रकार निवडते आणि वर्षानुवर्षं त्याच्याबरोबर काम करते. जागा, वाहतूक, विमा, छपाई, दिवे असा प्रदर्शनाचा खर्च साधारणपणे गॅलरी उचलते. चित्र विकलं गेलं की किमतीतला मोठा हिस्सा गॅलरीचा असतो. तो निम्म्यापर्यंत जातो. ऐकायला जास्त वाटतं, पण चार-चार आठवडे एकही चित्र विकलं न जाणारी प्रदर्शनंही असतात आणि भाडं तर द्यावंच लागतं.

आता तुमच्या मनात येणारा प्रश्न. गॅलरी जर विकण्यावर चालते तर न घेणाऱ्याला आत का येऊ देते? कारण प्रेक्षक नसलेल्या प्रदर्शनाला बाजारातही किंमत नसते. चित्रकाराचं नाव होतं ते बघितलं गेल्यामुळे, त्यावर लिहिलं-बोललं गेल्यामुळे. त्यामुळे तुम्ही आत जाता तेव्हा कुणाचे उपकार घेत नसता. तुमचं तिथे असणं हे त्या प्रदर्शनाच्या कामाचाच भाग आहे.

दार

सगळ्यात अवघड असतं ते दार. जहांगीरला रस्त्यावरून सरळ आत जाता येतं. कुलाब्यातली गोष्ट निराळी. ताजच्या मागे मेरेवेदर रोड आहे, कागदोपत्री बोमन बेहराम मार्ग. तिथल्या जुन्या इमारतींच्या लाकडी जिन्याने वर गेलं की झवेरी कंटेम्पररी लागते, मिरचंदानी स्टाइनरुके लागते. कोलकात्याच्या एक्सपेरिमेंटर गॅलरीनेही २०२२ साली याच रस्त्यावर जागा घेतली. पुढे आर्थर बंदर रोडवर कमल मॅन्शनमध्ये चॅटर्जी अँड लाल. खालून बघितलं तर हे सगळे राहते वाडे वाटतात. पाटी तळहाताएवढी. वॉचमन खुर्चीवर. वर गेलात तर काचेचं किंवा लाकडी बंद दार आणि बाजूला घंटी.

इथूनच बरेच लोक मागे फिरतात. बंद दार म्हणजे खाजगी जागा, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात दार बंद असतं ते एसीसाठी आणि सुरक्षेसाठी. वॉचमनला फक्त ‘गॅलरी’ म्हणायचं, तो मजला सांगतो. घंटी वाजवायची, आत जायचं. टेबलामागे बसलेली मुलगी किंवा मुलगा मान हलवून नमस्कार करील आणि आपल्या कॉम्प्युटरकडे वळेल. हा तुमचा अपमान नाही, तिथली रीत आहे. बघणाऱ्याला एकटं सोडायचं असतं. कुणी विचारलंच तर ‘प्रदर्शन बघायला आलो आहे’ एवढं पुरे. मराठीत बोला, हिंदीत बोला. कपड्यांकडे कुणी बघत नाही. चित्रांना हात लावायचा नाही, पाठीवरची पिशवी टेबलाशी ठेवायची, फोटो विचारून आणि फ्लॅशशिवाय काढायचा. नियम एवढेच.

ज्येष्ठांसाठी एक सूचना. या इमारतींत जिने चढावे लागतात आणि लिफ्ट सगळीकडे नाही. निघण्याआधी फोन करून विचारा. कुलाबा फायर ब्रिगेडजवळची प्रोजेक्ट ८८ तळमजल्यावर आहे. तिथे पूर्वी छापखाना होता. ज्यांना जिने नकोत त्यांनी जहांगीर, राष्ट्रीय संग्रहालयाचा खालचा भाग आणि प्रोजेक्ट ८८ एवढं केलं तरी दुपार चांगली जाईल.

बघायचं कसं

सैन्यात नव्या जवानाला जमीन बघायला शिकवतात. समोरच्या मैदानाचे तीन पट्टे करायचे: जवळचा, मधला, दूरचा. एकेक पट्टा सावकाश बघायचा, आणि तोही उजवीकडून डावीकडे. वाचायच्या सवयीमुळे डोळा डावीकडून उजवीकडे भरभर घसरतो आणि जे बघायचं ते निसटतं. उलटं बघितलं की डोळ्याला थांबावं लागतं. हीच पद्धत मी चित्रांना लावतो आणि ती उपयोगी पडते. मोठं चित्र समोर आलं की लांबून एकदा पूर्ण, मग पट्ट्यापट्ट्याने, मग अगदी जवळ जाऊन रंग कसा लावला आहे ते.

पहिल्या फेरीत काहीही वाचू नका. पूर्ण दालन फिरून घ्या आणि कुठल्या एका-दोन कामांपाशी आपण जास्त वेळ थांबलो ते लक्षात ठेवा. दुसऱ्या फेरीत फक्त त्यांच्याकडे जा. पाच मिनिटं एका चित्रासमोर उभं राहणं म्हणजे फार वाटतं, पण सवय होते. मग शेजारची चिठ्ठी वाचा. काही गॅलऱ्यांत चिठ्ठी नसते, टेबलावर कागद असतो, तो मागून घ्या. त्यावर नाव, साल, माध्यम आणि आकार असतो. माध्यमाची ओळ सगळ्यात महत्त्वाची. आजच्या कलेत काय सांगितलं हे बऱ्याचदा कशाने सांगितलं त्यात असतं.

तीन उदाहरणं देतो.

प्रभाकर पाचपुते हा चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचा चित्रकार, १९८६ सालचा. कोळसा खाणींचा भाग, घरातल्या आधीच्या पिढ्या खाणीत. खैरागड आणि बडोद्याला शिकून तो मुंबईत आला, आणि २०१२ साली कुलाब्यातल्या क्लार्क हाऊसमध्ये त्याचं काम लोकांनी पाहिलं. तो खाणकामगारांची चित्रं कोळशाने काढतो, कित्येकदा थेट भिंतीवर. ज्या वस्तूने घर चाललं आणि गाव खणलं गेलं, त्याच वस्तूने गावाचं चित्र. भिंतीवरचं कोळशाचं चित्र प्रदर्शन संपलं की पुसावं लागतं, हेही लक्षात घ्या. चंद्रपूर-वणी भागातल्या माणसाला या कामासमोर कुणी काही समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरे अतुल डोडिया. त्यांनी दुकानाच्या लोखंडी शटरवर चित्रं रंगवली. शटर खाली असलं की एक चित्र, वर उचललं की आत दुसरं. मुंबईत ज्यांनी दंगलीच्या किंवा बंदच्या दिवशी धडाधड शटर पडताना ऐकली आहेत, त्यांना कॅनव्हासऐवजी शटर का, हा प्रश्न पडणार नाही.

तिसरी शिल्पा गुप्ता, मुंबईचीच. तिचं एक काम कोचीच्या बिएनालेत आणि २०१९ साली व्हेनिसला होतं. अंधाऱ्या दालनात छताला टांगलेले शंभर मायक्रोफोन, आणि प्रत्येकाखाली लोखंडी सळईत टोचलेला एक कागद. त्यावर वेगवेगळ्या काळात आणि देशांत लिहिण्यामुळे तुरुंगात गेलेल्या शंभर कवींच्या ओळी. गंमत अशी की मायक्रोफोन आवाज घेत नाहीत, आवाज देतात. हे चित्र नाही आणि शिल्पही नाही. अशा मांडणीला इन्स्टॉलेशन म्हणतात. त्यात चालायचं असतं, ऐकायचं असतं. ‘यात कला काय’ हे विचारायच्या आधी दहा मिनिटं आत उभं राहायचं.

आपलं ज्ञान घेऊन जा

‘आम्हाला त्यातलं काय कळतं?’ हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकलं आहे. त्याला उत्तर म्हणून एक प्रसंग सांगतो. माझा मेहुणा इंदूरचा, सिंचन खात्यातून निवृत्त झालेला इंजिनिअर. त्याला मी कुलाब्यातल्या एका गॅलरीत घेऊन गेलो. भिंतीवर पिवळ्या पडलेल्या लांबलचक कागदांवर काढलेली काळी-निळी चित्रं. शेजारी दाट इंग्रजीत पानभर मजकूर. त्याने दोन ओळी वाचल्या आणि म्हणाला, ‘‘भाऊजी, आपण चहा प्यायला जाऊ.’’ मी म्हटलं, ‘‘मजकूर सोड रे, कागद बघ.’’

तो एका कागदाशी वाकला आणि तिथेच थांबला. ‘‘अहो, हा तर कालव्याचा एल-सेक्शन आहे! हे बघा, ही जमिनीची पातळी, ही तळाची. इथे फॉल दिलाय.’’ चित्रकाराने सरकारी कचेरीतले रद्दीत गेलेले नकाशे घेऊन त्यांवर गाव सोडून जाणाऱ्या माणसांच्या रांगा काढल्या होत्या. मेहुण्याने मग टेबलावरच्या मुलीला बोलावलं आणि पंधरा मिनिटं एकेक आकडा समजावून सांगितला. या पातळीच्या खाली जी घरं काढली आहेत ती पाण्यात जाणारी आहेत, वरची राहणारी आहेत. तिला हे माहीत नव्हतं. ‘‘अंकल, मी हे लिहून घेऊ का? आर्टिस्टला सांगते,’’ ती म्हणाली आणि खरंच लिहून घेतलं. चहा राहिलाच. परत निघताना तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘आम्ही त्या रेषा मारल्या. त्या रेषेखाली कोण आलं, ते कागदावर कधी काढलं नाही.’’

शेतकी, गिरणी, विणकाम, दवाखाना, शाळा, तुम्ही आयुष्यभर ज्यात काम केलंत ते तुम्हाला समीक्षकापेक्षा जास्त माहीत आहे. आजचे चित्रकार याच गोष्टींवर काम करताहेत. सुधीर पटवर्धन यांचंच बघा. ते पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात शिकले, म्हणजे आमच्याच एएफएमसीत. ठाण्यात २००५ पर्यंत रेडिऑलॉजिस्ट म्हणून काम केलं आणि त्याबरोबरच लोकल, इराण्याचं हॉटेल, लोअर परळ, गिरण्यांनंतरचं शहर रंगवत राहिले. २०१९च्या अखेरीस राष्ट्रीय संग्रहालयात त्यांच्या कामाचं मोठं सिंहावलोकन सुरू झालं. लालबाग-परळच्या माणसाला त्या चित्रांत बारकावे दिसतील, ते मला दिसणार नाहीत.

भाषेचा प्रश्न

एक तक्रार मात्र आहे. गॅलरीतला मजकूर इंग्रजीत असतो आणि तोही असा की इंग्रजी शिकलेल्यालाही दोनदा वाचावा लागतो. मुंबईत, मराठी गावांतून आलेल्या चित्रकाराच्या प्रदर्शनातही मराठीत एक पान नसतं. एका गॅलरीत मी विचारलं तेव्हा उत्तर आलं, ‘‘आमच्याकडे येणारे सगळे इंग्रजी वाचतात.’’ बरोबर आहे. जे वाचत नाहीत ते येत नाहीत, मग त्यांची गणती कशी होणार?

प्रभाकर बरवे यांच्यासारखा मोठा चित्रकार आपल्या विचारांचं पुस्तक मराठीत लिहितो, ‘कोरा कॅनव्हास’. म्हणजे या विषयावर मराठीत बोलता येत नाही असं अजिबात नाही. मागणी दिसत नाही, एवढंच. ती दाखवायचा सोपा मार्ग सांगतो. जवळजवळ प्रत्येक गॅलरीत दाराशी अभिप्रायाची वही असते. त्यात मराठीत लिहा. नाव, गाव, काय आवडलं, काय समजलं नाही आणि मराठीत माहिती हवी होती हे. दोन ओळी पुरेत. त्या वह्या वाचल्या जातात, चित्रकारही वाचतात. एका वहीत इंदूर, बेळगाव, हैदराबादहून आलेल्या पन्नास मराठी नोंदी दिसल्या तर कुणीतरी एक पान छापेल.

विकत घेण्याबद्दल थोडं

किमती भिंतीवर लिहिलेल्या नसतात. टेबलावर किमतीची यादी असते, मागितली की दाखवतात. विचारलं म्हणजे घ्यावं लागतं असं नाही. यादीत किंवा चित्राशेजारी लाल ठिपका असेल तर ते विकलं गेलं आहे. छापचित्र किंवा फोटोखाली ३/१० असं दिसलं तर दहा प्रतींतली ती तिसरी. ज्यांना खरंच घ्यायचं आहे त्यांनी तरुण चित्रकारांची कागदावरची कामं आणि छापचित्रं बघावीत. आणि घ्यावं ते रोज समोर बघावंसं वाटतं म्हणून. लिलावाच्या बातम्या वाचून गुंतवणूक करायला जाऊ नका. कोटींच्या बातम्या मोजक्या नावांच्या असतात आणि तो पैसाही चित्र विकणाऱ्या मालकाला मिळतो.

एका दुपारचा आराखडा

बुधवार ते शनिवार यांपैकी दिवस निवडा. बहुतेक खाजगी गॅलऱ्या रविवारी आणि काही सोमवारीही बंद असतात. वेळ साधारण सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा-सात. दोन प्रदर्शनांच्या मध्ये भिंती रिकाम्या असतात आणि गॅलऱ्या जागाही बदलतात. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्या वेबसाइटवर बघा किंवा फोन करा.

बाराला जहांगीर. सगळे हॉल, एखाद्या चित्रकाराशी गप्पा. शेजारी के. दुभाष मार्गावर मॅक्स म्युलर भवनात काही लागलं असेल तर तेही बघा. मग चौक ओलांडून राष्ट्रीय संग्रहालय. जेवण, चहा कुलाबा कॉजवेवर. तीननंतर मेरेवेदर रोडवरच्या दोन गॅलऱ्या, वेळ आणि पाय साथ देत असतील तर आर्थर बंदर रोड किंवा प्रोजेक्ट ८८. शेवट रेडिओ क्लबच्या बाजूला समुद्रावर. एका दिवसात चार-पाचपेक्षा जास्त जागा करू नका, डोळे थकतात. केमोल्ड आणि फोर्टमधल्या इतर गॅलऱ्यांसाठी दुसरा दिवस ठेवा, त्या हुतात्मा चौकाच्या बाजूला पडतात. साधारण जानेवारीत मुंबई गॅलरी वीकेंड असतो. तेव्हा सगळ्या गॅलऱ्या एकाच वेळी नवी प्रदर्शनं लावतात आणि रविवारीही उघड्या असतात. पहिल्यांदा जाणाऱ्याला ती वेळ उत्तम, कारण जिन्यावर सोबत असते.

मुंबईला येणं होत नसेल तरी हीच पद्धत तुमच्या शहरात चालेल. दिल्लीत डिफेन्स कॉलनी बघा. फाळणीनंतर फौजी अधिकाऱ्यांसाठी वसवलेली ही वस्ती. आज तिथल्या घरांमध्ये वढेरांसारख्या गॅलऱ्या आहेत. बडोद्यात सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स विभागात वर्षाअखेर विद्यार्थ्यांची कामं मांडतात. उद्याचे चित्रकार तिथे सगळ्यांत आधी दिसतात. बेंगळुरूत कस्तुरबा रोडवर २०२३ साली कला आणि छायाचित्रांचं मोठं संग्रहालय उघडलं. चेन्नईजवळ चोळमंडल हे चित्रकारांचं गाव १९६६ पासून आहे. पणजीत आल्तिन्योला सुनापरांत आहे.

यातली एक जागा निवडा आणि येत्या महिन्यात जा. बरोबर नातवंडं असतील तर त्यांनाही न्या. ती आपल्यापेक्षा कमी घाबरतात आणि जास्त विचारतात. जाऊन आलात की काय पाहिलंत, कुठे थांबलात ते मला जरूर कळवा. आणि वहीत मराठीत लिहायला विसरू नका.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.